यंत्राला मंजुरी, इंजिनिअरला नकार: मूलपेशी संशोधनाच्या निधी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
मूलपेशी संशोधनाच्या प्रकल्पांना सरकारी निधी मंजूर करणाऱ्या तज्ज्ञ समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

आमच्या प्रयोगशाळेचा प्रस्ताव आपल्यापैकी एका समितीने नुकताच मंजूर केला, त्याबद्दल आधी आभार. मायक्रोस्कोप मिळाला, रसायनं आणि मीडियाचे (पेशी वाढवायच्या पोषक द्रावाचे) पैसे मिळाले, संशोधक विद्यार्थ्यांच्या जागा मिळाल्या. कात्री लागली ती तीन ओळींना: इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरचं पद, वॉरंटी संपल्यानंतरच्या देखभालीची रक्कम आणि एक छोटा बायोरिअॅक्टर, म्हणजे पेशी मोठ्या संख्येने वाढवायची टाकी, आमच्याच वर्कशॉपमध्ये बनवण्याचा खर्च. कारण असं दिलं गेलं की ही तांत्रिक सेवा आहे, संशोधन नव्हे. संस्थेने ती आपल्या पातळीवर बघावी. संस्थेचं म्हणणं, प्रकल्पाच्या पैशातून बघा. मधल्या मध्ये यंत्र कुणी बघायचं, याचं उत्तर फायलीत कुठेच नाही.

हे पत्र मी साध्या टपालाने पाठवू शकलो असतो. पण असा शेरा फक्त आमच्याच वाट्याला आलेला नाही. पुण्या-मुंबईपासून बेंगळुरू-हैदराबादपर्यंत माझ्यासारखं काम करणारे जे कोणी भेटतात, त्यांच्याकडे याच मजकुराचा कागद असतो. आणि पैसा लोकांचा आहे, तेव्हा लोकांनाही वाचू दे.

कापलेलं ते पद माझंच आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. मी पेशीशास्त्र शिकलेलो नाही. प्रयोगशाळेत येण्यापूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. तिथे प्रमाणपत्रधारक अटेंडंट असल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही, तसा कायदाच आहे. गाळप एक पाळी बंद पडलं तरी चेअरमनपासून शेतकऱ्यापर्यंत सगळे विचारायला येतात, म्हणून इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस कायम पटावर असतो. इथे मी ज्या यंत्रांवर हात ठेवतो त्यातल्या एकेकाची किंमत कोटीत जाते, आणि माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. हा फरक मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

पगाराचं दुखणं मात्र या पत्राचा विषय नाही. मला खटकतो तो शेऱ्यामागचा समज. पेशी म्हणजे संशोधन आणि यंत्र म्हणजे सेवा, अशी वाटणी मूलपेशींच्या, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या पेशींच्या, इतिहासात कधीच नव्हती. १९६१ साली टोरांटोत अर्नेस्ट मॅकलॉक आणि जेम्स टिल यांनी ज्या प्रयोगातून या विषयाचा पाया घातला, त्यातले मॅकलॉक डॉक्टर होते आणि टिल भौतिकशास्त्रज्ञ. किरणोत्सर्गाने उंदरांची अस्थिमज्जा निकामी करायची आणि मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी टोचायच्या. काही दिवसांनी प्लीहेवर गाठी दिसू लागल्या. जितक्या जास्त पेशी टोचाव्यात तितक्या प्रमाणात गाठी वाढतात, म्हणजे गाठीमागे मोजता येण्याजोगं काहीतरी आहे, हे आलेखावरच्या सरळ रेषेने दाखवलं. किरणांची मात्रा जरा जास्त झाली असती तर उंदीर मेले असते, जरा कमी पडली असती तर त्यांची स्वतःची मज्जा पुन्हा उगवली असती. दोन्हीकडून ती रेषा निघाली नसती. मात्रा मोजणाऱ्याला त्या प्रयोगातून वगळून दाखवा.

त्यानंतरची गोष्ट तर थेट यंत्राचीच आहे. १९६५ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला मॅक फुलवायलर यांनी पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. त्यातली मुख्य कल्पना आली होती शाईचे थेंब विद्युतभाराने वळवणाऱ्या इंक-जेटमधून. स्टॅनफर्डच्या लेन हर्झेनबर्ग यांनी त्या यंत्राचे आराखडे मिळवले आणि इंजिनिअरांना बरोबर घेऊन, रंगाने चमकणाऱ्या पेशी ओळखून बाजूला काढणारा सॉर्टर उभा केला. त्याच जातीच्या यंत्रावर १९८८ साली अर्विंग वाइसमन यांच्या गटाने उंदराच्या मज्जेतून रक्ताच्या मूलपेशी वेगळ्या काढल्या. अशा अवघ्या ३० पेशी मज्जा नष्ट झालेल्या निम्म्या उंदरांना वाचवायला पुरल्या. टिल-मॅकलॉक यांच्या प्रयोगानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोकांना ठाऊक होतं की अशी पेशी आहे. ती हातात यायला सॉर्टर यावा लागला.

आमच्याकडे त्याच कुळातला सॉर्टर आहे. त्याच्यावर सकाळी काय चालतं ते सांगतो, कारण समितीतल्या बऱ्याच जणांनी त्याचे आलेख पाहिले असतील, पण तो सुरू होताना पाहिला नसेल. पेशी असलेला द्राव केसाच्या जाडीच्या नोझलमधून सोडतात. नोझल सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, म्हणून धारेचे एकसारखे थेंब तुटतात. पेशी लेझरसमोरून जाते, यंत्र तिचा रंग वाचतं, पण ती थेंबात बंद होऊन धारेपासून सुटते ते थोडं खाली, काही क्षणांनी. नेमक्या त्याच थेंबाला विद्युतभार द्यायचा, म्हणजे पुढच्या पट्ट्या त्याला डावीकडच्या किंवा उजवीकडच्या नळीत ओढतात. मधल्या या काळाला आम्ही ड्रॉप डिले म्हणतो. खोलीचं तापमान एक-दोन अंशांनी हललं, किंवा नोझलच्या कडेला मिठाचा कण बसला, की थेंब तुटण्याची जागा सरकते आणि भार शेजारच्या थेंबाला बसतो. पडद्यावर सगळं छान दिसत राहतं. नळीत मात्र भलत्याच पेशी पडत असतात. विद्यार्थी त्याच पेशी वाढवतो, त्यांची जनुकं वाचतो, पेपर लिहितो. म्हणून रोज सकाळी चाचणीचे सूक्ष्म मणी सोडून डिले लावायचा, एसीवर नजर ठेवायची, दुपारी पुन्हा तपासायचा. ही सेवा असेल तर मग प्रयोग कशाला म्हणायचं?

आता गाऱ्हाणी.

पहिलं मार्चअखेरचं. आमच्यासारख्यांच्या ऑर्डरी आर्थिक वर्षाबरोबर संपतात आणि नव्या ऑर्डरी निघायला कधी कधी पावसाळा उजाडतो. या मधल्या काळात यंत्रं सुट्टीवर जात नाहीत. असाच एक उन्हाळा मी घरी काढला आणि परतलो तेव्हा शेजारच्या गटातले विद्यार्थी रडकुंडीला आले होते. मूलपेशी मूलपेशीच राहाव्यात म्हणून जे काही करायचं ते सगळं करूनही त्या आपोआप बदलत होत्या, मरत होत्या. आधी सीरमवर संशय घेतला, मग मीडियाच्या बॅचवर, मग एकमेकांच्या हातावर. इन्क्युबेटरच्या पडद्यावर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं जागच्या जागी. मी हातातला इन्फ्रारेड मीटर नमुन्याच्या भोकाला लावला, तर आतलं प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं. त्या जातीच्या इन्क्युबेटरमध्ये वायूची उष्णतावाहकता मोजून कार्बन डायऑक्साइडचा अंदाज घेणारा सेन्सर असतो आणि आतला दमटपणा बदलला की तो फसतो. तळाचा पाण्याचा ट्रे कोरडा पडला होता, कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती. मीडियम पिवळट पडलेलं सगळ्यांना दिसत होतं, पण पडद्यावरच्या आकड्यावर अविश्वास दाखवण्याचं काम कुणाचंच नव्हतं. ट्रे भरला, सेन्सर लावून घेतला, पेशी पुन्हा नीट वाढू लागल्या. वाया गेलेल्या रसायनांचा आणि शिष्यवृत्तीच्या महिन्यांचा हिशोब आपल्याच निधीतून गेला. त्या रकमेत माझा उन्हाळ्याचा पगार निघाला असता की नाही, हे आपणच मांडून पाहा.

दुसरं देखभालीचं. यंत्र घेताना आपण पूर्ण किंमत देता आणि वॉरंटी संपली की हात वर करता. सॉर्टर किंवा कॉन्फोकल मायक्रोस्कोपच्या देखभालीचा करार दरवर्षी किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्क्यांच्या घरात जातो. प्रकल्प तीन वर्षांचा, यंत्राचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. उरलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न मंजुरीच्या बैठकीत कुणी विचारत नाही, म्हणून मग लेझर गेला की यंत्रावर चादर पडते. जून २०२५ मध्ये सरकारने वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम सैल केले, कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली, संस्थाप्रमुखांना जास्त अधिकार दिले. चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. यंत्रं वाटून वापरता यावीत म्हणून २०२० पासून आय-स्टेम हे पोर्टलही आहे. खरेदीची वाट सोपी झाली, यादीही तयार झाली. पण यादीतलं यंत्र वापरायला बाहेरगावचा विद्यार्थी नमुने घेऊन येतो, तेव्हा ते चालवून देणारा माणूस तिथे लागतोच.

विजेचंही इथेच सांगतो. पुण्यात गुरुवार म्हणजे वीज बंद राहण्याचा वार, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. जनरेटर सुरू व्हायला लागणारे काही सेकंद इन्क्युबेटर सोसतो, सॉर्टरचा लेझर सोसत नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्याचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर आमच्याकडे जितका पत्रव्यवहार झाला, तितक्या कागदाच्या किमतीत एखादी बॅटरी आली असती. असो.

तिसरं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं, कारण त्यात आपण विज्ञानच कापलं आहे. घरी नातेवाईक मला विचारतात, तुमच्याकडे गुडघ्याला स्टेम सेल लावतात ना, आमच्या काकूंचं काही होईल का? मी सांगतो की आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून चाचणीच्या पायरीवर आहे, जाहिराती पाहून पैसे घालवू नका. मग पुढचा प्रश्न येतो, इतकी वर्षं काय करताय? त्याचं एक उत्तर पेशींच्या संख्येत आहे. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात सुमारे १०० कोटी स्नायूपेशी मरतात. त्या भरून काढायच्या तर निदान तितक्या तरी पेशी हव्यात, त्याही एकसारख्या. पेशी वाढवायच्या आमच्या नेहमीच्या टी-७५ फ्लास्कमध्ये एका वेळी जेमतेम ८०-९० लाख पेशी मावतात. म्हणजे एका रुग्णासाठी शंभरावर फ्लास्क, प्रत्येकाचं मीडियम हाताने बदलायचं, प्रत्येक वेळी झाकण उघडताना जंतुसंसर्गाची धास्ती.

म्हणून बायोरिअॅक्टर. टाकीत मीडियम भरायचं, पेशींचे छोटे गोळे त्यात तरंगत ठेवायचे आणि सावकाश ढवळायचं. ऐकायला सोपं. जोरात ढवळलं तर पात्याच्या ओढीने पेशी फाटतात, किंवा त्या ताणानेच भलतीकडे वळतात. हळू ढवळलं तर गोळे एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि ऑक्सिजन गोळ्यात १००-२०० मायक्रॉनपलीकडे नीट पोचत नाही, म्हणून आतल्या पेशी गुदमरतात. पात्याचा कोन, टाकीचा तळ, वेग, ऑक्सिजन विरघळण्याचा दर, ही सगळी केमिकल इंजिनिअरिंगची गणितं. आपण लिहिलंत, बाजारात तयार मिळतो तो घ्या. तयार मिळणारा घेऊनही पाहिला असता, पण आम्हाला गोळे वाढताना त्यांचा आकार बाहेरून मोजत वेग आपोआप बदलणारा हवा होता आणि प्रश्नच तो होता. तो बनवणं हाच आमचा प्रयोग. प्रस्तावात तसं स्पष्ट लिहिलं होतं.

याच महाराष्ट्रात माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. जे. बी. जोशींसारख्यांनी ढवळटाक्या आणि बुडबुड्यांच्या स्तंभांतल्या प्रवाहावर आयुष्य घातलं, जगभर त्या कामाचे दाखले दिले जातात. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे आणि पेशींच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था गणेशखिंडीत, थोड्याच अंतरावर. इतकी जवळीक जगात फार ठिकाणी नसेल. तिचा फायदा घेणाऱ्या प्रस्तावांना वेगळा निधी असायला हवा, आणि आपण तर त्यातली जोडणारी ओळच खोडता.

जेलबद्दलही थोडं. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेनिस डिशर यांच्या गटाने दाखवलं की मज्जेतली मूलपेशी पुढे काय होणार हे तिच्याखालच्या जेलच्या कडकपणावरही ठरतं. १ किलोपास्कलच्या (कडकपणा मोजायचं एकक) आतल्या मऊ जेलवर ती चेतापेशीच्या वाटेला लागते, ८ ते १७ वर स्नायूच्या, २५ ते ४० वर हाडाच्या. एकच मीडियम, एकच पेशी. औषध न घालता, नुसत्या पायाखालच्या जमिनीने. आमच्या तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध या जेलवर उभे आहेत, आणि जेलचा कडकपणा मोजणारं यंत्र लावायला, त्याची सूक्ष्म सुई बदलायला, आकडा खरा आहे की नाही हे सांगायला जो माणूस लागतो, त्याचं पद आपण सेवा म्हणून काढलंत.

चौथं गाऱ्हाणं एका ओळीचं: समितीत जीवशास्त्रज्ञ असतात, डॉक्टर असतात, वित्त विभागाचे अधिकारी असतात, इंजिनिअर मला अजून दिसलेला नाही.

पाचवं पेपरवरच्या नावाचं. ते मी आमच्या संशोधकांशी बोलून सोडवीन, आपल्याला त्यात ओढत नाही.

कुणी म्हणेल, इंजिनिअर आला की महागडी यंत्रं मागणार. उलटही घडतं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डोळ्याच्या कडेच्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचं रोपण २००१ पासून होत होतं. पुढे २०१२ साली तिथल्याच डॉ. वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी पद्धत इतकी सोपी केली की प्रयोगशाळाच लागू नये. निरोगी डोळ्यातला छोटासा तुकडा, त्याचे बारीक कण, गर्भाभोवतीच्या आवरणाचा पडदा आणि चिकटवायला फायब्रिनचा गोंद. पेशी थेट रुग्णाच्या डोळ्यावरच वाढतात. काम करणारे डॉक्टर होते, पण विचार पक्का इंजिनिअरचा: जे गाळता येईल ते गाळा. दुसरं उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या नेक्सकार१९ चं. ती मूलपेशींची नव्हे तर टी-पेशींची, म्हणजे रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची उपचारपद्धती, तरी पेशी काढणं, बदलणं, वाढवणं, गोठवणं ही कसरत तीच. आयआयटी मुंबईच्या बायोइंजिनिअरिंग विभागाने आणि टाटा मेमोरियलने मिळून ती उभी केली आणि परदेशातल्या किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात आणली. हे काम एका बाजूचे पैसे कापून झालं नसतं.

मागण्या साध्या आहेत.

ज्या संस्थेला सॉर्टर, कॉन्फोकल किंवा पेशींचा गोठवण-साठा यांसाठी निधी दिला जातो, तिथे किमान एक इंजिनिअरचं कायम पद त्या मंजुरीचाच भाग करा, आणि त्याला बढतीची शिडी द्या. वीस वर्षांनंतरही तो ‘प्रकल्प सहायक’ राहणार असेल तर चांगली मुलं इकडे येणार नाहीत, ती कंपनीच्या सर्व्हिस विभागात जातील आणि मग आपण त्यांनाच दिवसाच्या दराने बोलावू.

यंत्राबरोबर त्याच्या पूर्ण आयुष्याची देखभाल मंजूर करा, प्रकल्पाच्या तीन वर्षांची नव्हे. पैसे कमी असतील तर एक यंत्र कमी द्या.

साधनं बनवण्याला संशोधन माना. पाच-दहा लाखांचे छोटे निधी ठेवा, ज्यात बायोरिअॅक्टर, सेन्सर, जेल, गोठवण्याची पद्धत यावर काम करता येईल, आणि अट अशी घाला की आराखडे सगळ्यांना खुले राहतील.

समितीवर किमान दोन इंजिनिअर घ्या. त्यातला एक प्राध्यापक नसला तरी चालेल, यंत्राला हात लावणारा असावा.

आपल्या निधीतून घेतलेलं प्रत्येक यंत्र वर्षात किती दिवस चालू होतं, याचा आकडा संस्थांकडून मागवा आणि जाहीर करा. ही मागणी आम्हालाही अडचणीत आणू शकते, हे मला माहीत आहे. तरी करा.

आपल्याला सुधारित प्रस्ताव हवा आहे, त्या तीन ओळी वगळून. आमच्या प्रमुख संशोधक बाईंशी माझं बोलणं झालं आहे. प्रस्ताव येत्या आठवड्यात आपल्याकडे पोचेल. मायक्रोस्कोपची किंमत त्यातून काढून टाकलेली असेल, जुन्या मायक्रोस्कोपवर भागवू. त्या तीन ओळी मात्र जशाच्या तशा असतील, आणि प्रत्येकीखाली अर्ध्या पानाचं कारण. नकार द्यायचा असेल तर कृपया त्या कारणांना उत्तर देऊन द्या.

कळावे,

आपला विश्वासू,
एक इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर,
पुणे